वारा छप्पर दाबत नाही

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात वावटळीनं नेला, असं आमच्या गावात अजून सांगतात. मी समोर बसलेलो असलो तरी सांगतात, आणि मी मान हलवतो.

आमचं गाव कुंडलपासून दोन कोसांवर. घर सुताराचं. दादा लढाईवर गेला तेव्हा मी नुकता हाताखाली तयार झालो होतो. तो आसामकडे, बराकी बांधणाऱ्या पलटणीत होता. इकडे गावातली सगळी कामं मी एकट्यानं ओढली. नांगर, मोटेची चाकं, घरांची आढी, सगळं. लोक मला मिस्त्री म्हणू लागले. लढाई संपून दादा परत आला तेव्हा मला आनंद झाला. पण पंधरा दिवसांत लोक माझ्या देखत कामाचं त्याला विचारू लागले, आणि तो आनंद आंबला.

त्याच सुमारास गावात नव्या शाळेचं बांधकाम निघालं. शाळेची जागा दिलेले बागाईतदार गावातले मोठे. सगळे त्यांना आबा म्हणत. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची, वर हात-दीड हात मातीचा थर. त्यांना वाऱ्याची भीती नसे. शाळेला मात्र आबांना पत्रा हवा होता. लांबून चमकला पाहिजे, म्हणाले.

भिंती उभ्या राहिल्या, तुळया चढल्या, आणि दादानं विषय काढला.

"आबा, तुळईला सळईचा वेढा घालू आन् ती सळई भित्तीत तीन हात खाली पुरू."

"कशाला रं? वर दगुड ठिवू की."

"दगडानं भागत न्हाई. वारा छप्पर दाबत न्हाई, वर वडतो."

जमलेली माणसं हसली. दादानं कुणाच्या तरी हातातल्या वर्तमानपत्राची पट्टी फाडली, खालच्या ओठाला लावली आणि वरून फुंकर घातली. लोंबणारी पट्टी वर उठून आडवी झाली.

"बघा. वरनं वारा ग्येला का असं व्हतं. आन् दारं-खिडक्यांतनं आत शिरला का खालनंबी रेटतो. आसामात आख्ख्या बराकीचं छप्पर भाताच्या खाचरात जाऊन पडल्यालं बघितलंय मी."

"हितं आसाम न्हाई," आबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मिस्त्री, काम तुझं हाय. तू बोल."

पट्टी उठलेली मी पाहिली होती. दादा खरं बोलतो हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण आबांनी मिस्त्री म्हणून मला हाक मारली होती, त्याला नाही.

"काय गरज न्हाई," मी म्हणालो. "आजवर घातलेलं एकबी छप्पर उडालं न्हाई माझं."

लढाई संपली तरी लोखंड परमिटवरच मिळे. आलेल्या सळया आबांनी शाळेपुढच्या कमानीला लावल्या. त्या वाकवून तिच्यावर त्यांच्या वडलांचं नाव काढलं. ती अक्षरं मीच वाकवली. दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून निमूटपणे माझ्या हाताखाली पत्रे चढवायला लागला.

पुढच्या चैत्रात, परीक्षा जवळ आली म्हणून मास्तरांनी पोरांना दुपारी पुन्हा बोलावलं होतं. दादा तिथंच खिडक्यांची झडपं बसवत होता. मी बिजागऱ्या घेऊन बांधावरून शाळेकडे निघालो होतो. वारा अगदी पडलेला. मग दक्षिणेला मातकट खांब दिसला. उन्हाळ्यात पाचोळा घेऊन फिरणारी वावटळ आम्ही रोज बघायचो. ही तशी नव्हती. तिचं टोक ढगात होतं. वाटेतली कडब्याची गंजी तिनं मुळापासून उचलली, आणि जात्यासारखी घरघर ऐकू आली. मी ओघळीत पालथा पडलो, पण मान वर ठेवली. शाळेचं छप्पर माझंच काम होतं, त्यावरून नजर हलेना.

शाळेच्या दक्षिणेच्या खिडक्यांना अजून झडपं नव्हती. वारा आत शिरला. पत्रा फुगला, आणि डब्याचं झाकण निघावं तसं आख्खं छप्पर, तुळयांसकट, वर उठलं. दगड त्याच्याबरोबर गेले. वरचं ओझं गेल्यावर भिंती उघड्या पडल्या. दक्षिणेची त्रिकोणी भिंत डुलली आणि आत कोसळली.

मी धावत पोचलो. पोरं मधल्या आडभिंतीच्या कोपऱ्यात एकावर एक पडली होती. दादानं त्यांना दाराकडे पळू दिलं नव्हतं, ओढून तिथं दाबलं होतं. दोघातिघांची हाडं मोडली, मेलं कुणी नाही. शेवटच्या पोरीला आत ढकलताना त्याचा हात बाहेर राहिला होता, आणि त्यावर भिंत होती. बाहेर कमान जशीच्या तशी उभी होती. पलीकडच्या धाब्याच्या घरांचं ढेकूळही हललं नव्हतं.

मिरजेच्या दवाखान्यात त्याचा हात मनगटापासून काढला. सुताराचा उजवा हात.

महिन्याभरानं चावडीत चौकशी झाली. बाहेरून आलेला अंमलदार गादीवर बसला होता, शेजारी आबा. दादा बाहेर पायरीवर, हाताला फडकं गुंडाळून.

"छप्पर बांधून घ्यायला हवं, असं तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं का?" अंमलदारानं मला विचारलं.

आबा माझ्याकडे बघत नव्हते. बघायची गरजच नव्हती.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "कुणीच न्हाई."

दैवी आपत्ती, असं लिहिलं गेलं. पायरीवर दादानं ते ऐकलं. वहिनीनं दोन दिवस माझ्या पुढ्यात ताट आदळलं. तिसऱ्या दिवशी दोघं तिच्या माहेरी, मेढ्याकडे निघून गेली.

शाळेचं छप्पर मीच पुन्हा घातलं. या वेळी सळया भिंतीत तीन हात पुरल्या. ही युक्ती माझी, असं लोक कौतुकानं म्हणाले. मी तेही ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी श्रावणात मी मेढ्याला गेलो. पाय धरायचे, असं वाटेत ठरवलं होतं. दादा सासऱ्यांच्या नाचणीच्या रानात होता. डाव्या हातानं खुरपत होता. मला बघून म्हणाला, "आलास? जेवून जा." मग पावसाचं बोलला, बैलांचं बोलला. मी तोंड उघडायचो तेव्हा तो उठून काहीतरी आणायला जायचा. आईचं विचारलं, शाळेचं विचारलं नाही.

निघताना तिथला एक म्हातारा वेशीपर्यंत सोबत आला.

"तुमी धाकटं भाऊ व्हय? लय मोठा माणूस हाय तुमचा दादा," तो म्हणाला. "लढाईत हात ग्येला, पर कवा कुणाफुडं बढाई न्हाई मारली."

"कुणी सांगितलं तुमाला?"

"त्येनंच. आमी इचारलं तवा म्हणला, लढाईत ग्येला."

दादानं मला वाचवलं होतं, की भाऊ म्हणून माझं नाव सांगायचीही त्याला लाज वाटत होती, हे मला आजही ठरवता येत नाही. म्हातारा उत्तराची वाट बघत उभा होता.

"व्हय," मी म्हणालो. "लढाईतच ग्येला."