प्रोफाइलला लॉक

मोखाड्याच्या स्टँडसमोर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ती मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळते आणि जिंकली की काउंटरवर दोनदा थाप मारते. कुणी टोकलं तर तिचं उत्तर ठरलेलं असतं, "बरं, मग?"

पूर्वी गेममधली तिची प्रोफाइल सगळ्यांना दिसायची. ती किती तास खेळते हे त्यात बघून कुणीतरी तिच्या सासरी सांगितलं. घरात मोठं भांडण झालं. तिने खेळणं सोडलं नाही, प्रोफाइलला लॉक लावलं.

परवा मी शाळेचे कागद घेऊन तिथे उभा असताना तिचे मोठे दीर आले.

"लपवण्यासारखं काही नाही ना? मग उघडून दाखव," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

"लपवण्यासारखं काहीच नाही, भाऊजी. तरी नाही दाखवणार," ती म्हणाली आणि त्यांच्यासमोरच तिने नवा गेम सुरू केला.

दीर तणतणत निघून गेले. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तुम्हाला पण बघायचंय काय?"

मी नाही म्हणालो. खरं तर आदल्याच आठवड्यात मी त्या गेममध्ये तिचं नाव शोधून पाहिलं होतं.