डब्यात नसलेला रस्ता

चिलीतल्या सांतियागो शहराच्या बीओ-बीओ बाजारात, चामड्याच्या जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये, मिरेया ओयार्सूनचा गाळा आहे. गाळा म्हणायचा म्हणून. दोन फळ्या, मागे जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यांची भिंत, पुढे एक ढेरपोट्या टीव्ही आणि टीव्हीसमोर लाकडी स्टूल. त्या स्टुलाला सगळी रांग मान देते. मिरेयाकडून गेम घ्यायचा तर आधी स्टुलावर बसायचं, तिने गेम लावून दिला की खेळायचं, आणि पडद्यावरचा पहिला जीव जाईपर्यंत पैशाचं नाव काढायचं नाही. जीव गेला की सौदा. गेम चालतो हे गिऱ्हाइकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, मग कुरकुरीला जागा उरत नाही. एकदा एक पठ्ठ्या मरेचना. मागे ताटकळलेली माणसं सुस्कारे टाकायला लागली, तेव्हा मिरेया म्हणाली, "बाबा, तुझा जीव काही जात नाही, माझा मात्र चाललाय. ऊठ, फुकट घेऊन जा."

हा धंदा तिने निवडलेला नव्हता. ती शाळेचे गणवेश शिवायची. नवरा उत्तरेकडे खाणीत कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. मागे राहिली गेमने भरलेली दोन खोकी. भंगारात द्यायच्या आधी एकदा लावून तर बघू, म्हणून तिने एक लावला आणि रात्रीचा स्वयंपाक करायचा विसरली. तेव्हापासून ती इथे आहे. तिच्याकडे अदलाबदल चालते. संपलेला गेम आणायचा, वर थोडे पैसे टाकायचे आणि दुसरा न्यायचा. एकेक डिस्क चार घरं हिंडून पुन्हा तिच्याच भिंतीवर येते, आणि कुठल्या डब्याचा कोपरा कोणाच्या कुत्र्याने चावला हेही ती सांगू शकते. माल देताना तिचं एकच वाक्य असतं, "चालला नाही तर परत आण, मी इथेच आहे." समोर सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या तळलेल्या पुऱ्या, विकणारी नोल्फा त्या वाक्याची हुबेहूब नक्कल करते.

स्टुलाच्या नियमाला एकच अपवाद होता. सीलबंद डबा. त्याच्यावरचं प्लास्टिक मिरेया कधी फोडत नसे. या बाजारात सील म्हणजे शब्द. सील शाबूत असेल तर आत काय आहे हे विचारणं हाच अपमान समजतात. ही रीत तिनेही डोळे झाकून पाळली, आणि तिथेच घात झाला.

एफ्राइन कीलाकेओ हे तिचं जुनं गिऱ्हाईक. सगळा बाजार त्याला 'माएस्त्रो' म्हणतो, इथे हातात कसब असलेल्या माणसाला म्हणतात तसं. सांतियागोहून डोंगर ओलांडून पलीकडे अर्जेंटिनातल्या मेंदोसाला जाणारी बस त्याने उमेदीची सगळी वर्षं चालवली. लोस काराकोलेसची ती गोगलगायीच्या पाठीसारखी वळणं त्याला तोंडपाठ. मग अर्धांगाचा झटका आला. डावा हात थरथरायला लागला आणि लायसन्स गेलं. त्या वर्षी मिरेयाने त्याला 'डोंगरबस' नावाचा गेम दिला. गेममध्ये तोच रस्ता, तीच वळणं, सीमेवरचं तेच बर्फ. माएस्त्रो रोज सकाळी दाढी करून, ड्रायव्हरचा निळा स्वेटर चढवून टीव्हीपुढे बसायचा. हात थरथरला तरी दरीत कोणी जात नव्हतं. त्याची बहीण मिरेयाला म्हणाली होती, "तुमच्या त्या चकतीने आमचा माणूस अंथरुणातून उठवला."

या वर्षी 'डोंगरबस'चा नवा भाग आला. किंमत ऐकून मिरेयाने कानाला हात लावले. सत्तर हजार पेसो. "तिकडे श्रीमंत देशात जेवढे डॉलर, तेवढेच इथे," ती नोल्फाला म्हणाली. "पगार मात्र इथला इथेच. किंमत ठरवताना आम्ही त्यांच्या बरोबरीचे, कमावताना नाही." तरी माएस्त्रोसाठी म्हणून तिने मॉलमधल्या मोठ्या दुकानातून एक सीलबंद डबा आणला. माएस्त्रोकडे तेवढे पैसे नव्हते. त्याने पिशवीतून त्याच्याकडचे सगळे गेम काढले, जुन्या 'डोंगरबस'सकट, आणि फळीवर ठेवले.

"हा राहू द्या की," मिरेया म्हणाली.

"कशाला? नवी बस आली की जुनी डेपोत जाते, कासेरा." बाजारात विकणारा घेणाऱ्याला आणि घेणारा विकणाऱ्याला याच नावाने हाक मारतो. "नव्यात रस्ता अजून लांब केलाय म्हणतात."

तिने सील न फोडता डबा दिला, आणि नेहमीचं वाक्यही दिलं. जुना 'डोंगरबस' त्याच दुपारी विकला गेला.

पुढच्या रविवारी माएस्त्रो आला तो दाढी न करता. डबा फळीवर ठेवला आणि उभाच राहिला.

"बसा ना."

"आत डिस्क नाही, कासेरा."

मिरेयाने डबा उघडला. आत एक कागद होता, बिस्किटाच्या पुड्यात निघतं त्या कूपनाएवढा. त्यावर अक्षरं आणि आकडे. बाकी सगळा डबा रिकामा.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कागदावरचा कोड गेम चालवायच्या यंत्रात घालायचा आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. माएस्त्रोच्या घरी इंटरनेट नाही, फोनमध्ये आठवड्याचं रिचार्ज. म्हणून त्याने यंत्र टॉवेलात गुंडाळलं, दोन बस बदलून भाचीकडे माइपूला नेलं आणि तिथे ते पुरती रात्र गेम ओढत राहिलं. सकाळी त्याने स्वेटर घालून खेळायला घेतलं, तर समोर परदेशातलं कुठलंसं सपाट शहर. सिग्नल, सिग्नल आणि सिग्नल. डोंगराच्या रस्त्यावर कुलूप.

"कुलूप म्हणजे?"

"वेगळा विकत घ्यायचा. रस्ता वेगळा, पाऊस वेगळा, बसचा रंगसुद्धा वेगळा. तीस वर्षं बस चालवली, कासेरा, टोल मालक भरायचा. आता रस्ताही ड्रायव्हरने विकत घ्यायचा म्हणतात." तो हसायला गेला, पण हसू ओठावरच राहिलं. "तुम्ही म्हणाला होता परत आण. म्हणून आणला. माझा जुना द्या."

मिरेयाने कागद उलटून पाहिला. कोड वापरून झाला होता, म्हणजे तो कागद आता कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. आणि जुना 'डोंगरबस' तर केव्हाच दुसऱ्याच्या घरी गेला होता. समोर नोल्फाने झारा तसाच धरला होता. आजूबाजूचे गाळेवाले वळून न बघता ऐकत होते.

"देईन," मिरेया म्हणाली. कसा, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

सोमवारी बाजार बंद. ती माएस्त्रोला घेऊन मॉलमध्ये गेली. काचेसारख्या चकचकीत दुकानात छातीवर नावाची पट्टी लावलेली एक मॅनेजर बाई गोड हसत पुढे आली. मिरेयाने पावती आणि डबा पुढे केला.

"हा उघडलेला आहे, सेन्योरा. उघडलेला परत घेत नाही."

"न उघडता आत काही नाही हे कसं कळणार?"

"मागे लिहिलंय ना."

मिरेयाने चष्मा लावला. डबा उजेडाकडे धरला. खाली, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात होतं लिहिलेलं. पुढच्या बाजूला मात्र बस, बर्फ आणि तीच वळणं, सूर्य उगवतानाची.

"हे चित्र कसलं?" तिने बोट ठेवलं.

"तो पर्वतांचा पॅक आहे. डिलक्स आवृत्तीत येतो. डिलक्स घेतली असती तर तीन दिवस आधीही खेळता आलं असतं."

"म्हणजे जास्त पैसे देणारा आधी खेळणार, आणि कमी देणाऱ्याने चित्र बघायचं."

"सेन्योरा, तुम्ही खेळ विकत घेत नाही. खेळायची परवानगी घेता. सगळीकडे आता असंच असतं."

मिरेयाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण बाजारात उभं आयुष्य काढलेली बाई, आवाज न चढवता बोलायची तिला सवय होती. "मुली, केकच्या डब्यात बेकरीचा पत्ता घालून कोणी केकच्या भावाने विकला, तर तू काय म्हणशील? परवानगीच विकायची तर डबा एवढा मोठा कशाला करता? पाकिटात घाला. आणि वर किंमत लिहिता ना, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा, आत काही नाही म्हणून. माझ्या गाळ्यावर माणूस खेळून बघतो, मग पैसे देतो. तुझ्याकडे एक स्टूल तरी आहे का?"

मॅनेजर बाईने खरंच इकडेतिकडे पाहिलं. स्टूल नव्हतं. "मी इथे नोकरी करते, सेन्योरा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मला ओरडून काय होणार?"

"मी ओरडत नाहीये," मिरेया म्हणाली, आणि तेही खरं होतं. एवढ्या संतापात या पोरीवर तोंड टाकण्यात काही अर्थ नाही, हे कळल्यामुळे तिला जास्तच राग आला. राग घ्यायला तिथे कोणीच नव्हतं. किंमत ठरवणारी माणसं दुकानात उभी राहत नाहीत.

परतताना बसमध्ये माएस्त्रो खिडकीकडे तोंड करून बसला. ड्रायव्हर वळणावर गिअर चुकला तशी त्याची उजवी मूठ आपोआप आवळली. "राहू द्या, कासेरा," तो म्हणाला. "तुमचा काय दोष."

"दोष माझाच. सील बघितलं, आत बघितलं नाही. शब्द मी दिला होता, त्या डब्याने नाही."

मंगळवारी ती इवोन कात्रिलेओच्या केस कापायच्या दुकानात जाऊन धडकली. जुना 'डोंगरबस' इवोननेच नेला होता. दुकान बाजाराच्या मागच्याच गल्लीत. एका बाईच्या डोक्याला रंग लावून ठेवून इवोन कोपऱ्यातल्या टीव्हीवर बस हाकत होती.

"नाही देणार," ऐकून घेतल्यावर ती म्हणाली. "आत्ताच तर वर चढलेय. खाली उतरू तरी दे."

"भिंतीवरचे कुठलेही दोन घे."

"ते सगळे खेळून झालेत."

"मग काय हवंय?"

इवोनने बस वळणावर थांबवली, कंगवा केसात खोचला. "तू गिऱ्हाईक नसताना खेळतेस ना, विटा रचायचा तो. तो दे."

ती काडतुसासारखी जुनी कॅसेट त्या दोन खोक्यांतली होती. स्वयंपाक विसरायला लावणारी. ती मिरेयाने कधी फळीवर मांडलीच नव्हती. रंग लावलेली बाई आरशातून दोघींकडे बघत होती.

"आणि ते स्टूल," इवोन म्हणाली.

"स्टुलाचं नाव काढू नकोस, केस धरून ओढीन."

"बरं बाई, स्टूल नको."

मिरेयाने विटांची कॅसेट दिली आणि डिस्क घेतली. वाटेत तिचा राग पुन्हा उसळला. हातातली चकती कोणाकडे गेली ते ठाऊक होतं, म्हणून चार पावलं चालून, हुज्जत घालून परत आणता आली. त्या कागदाचा माग कोणाच्या दारात काढायचा? वापरलेला गेम विकला की आमचं नुकसान होतं, असं त्या कंपन्या म्हणतात म्हणे. म्हणून डिस्कच काढून टाकली. मग नवऱ्याने टाकलेल्या खोक्यांवर उभं राहिलेलं आपलं घर, माएस्त्रोचा स्वेटर, इवोनची दुपार, हे कोणाच्या हिशेबात धरायचं?

शनिवारी माएस्त्रो स्टुलावर बसला. दाढी केलेली, निळा स्वेटर घातलेला. मिरेयाने डिस्क घातली आणि नियम म्हणजे नियम, म्हणून बाजूला उभी राहिली. बसच्या गेममध्ये जीव जात नसतो, तेव्हा पहिल्या थांब्यापर्यंत जायचं ठरलं. वळणं सुरू झाली. डावा हात थरथरत होता, उजवा त्याला सांभाळून घेत होता.

"माएस्त्रो, मला कोपऱ्यावर सोडा," नोल्फा पलीकडून ओरडली.

"तिकीट काढा आधी."

पहिला थांबा आला आणि गेला. माएस्त्रोने बस थांबवली नाही, आणि कोणी त्याला आठवणही करून दिली नाही. स्टुलासाठी खोळंबलेली माणसं सोपाइपिया खात पडद्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात एक तरुण बाई सीलबंद डबा घेऊन आली. भेट आलाय, घरी दुसरा आहे, घेणार का म्हणून विचारत होती. मिरेयाने डबा कानाशी नेऊन हलवला. काहीच वाजलं नाही. तिने शिवणकामाची कात्री उचलली.

"अहो, सील फोडलं तर भाव पडेल," बाई म्हणाली.

"पडू दे. आत गेम असेल तर बंद डब्याचाच भाव देईन." तिने सगळ्या रांगेसमोर प्लास्टिक कापलं, डबा उघडला आणि आतला कागद दोन बोटांत धरून वर केला. "हा परत घेऊन जा, बाई. तुला दिला त्यालाही सांग, पुढच्या वेळी डिस्क दे म्हणावं." मग तिने माएस्त्रोने परत आणलेला तो रिकामा डबा नोल्फाकडे सरकवला. "हा तुझ्या कामाचा. हात पुसायचे कागद ठेव. आत काहीतरी असू दे त्याच्या."

मागे बस अजून चढत होती.