मासळीच्या वखारीत थांबलेले मास्तर

आमचे हे, म्हणजे लायसन मकवाला, बलाका गावातल्या कॉलेजात मालवाहतूक शिकवतात. मालवाहतूक! बाजारातून मीठ आणायला सांगितलं तर साबण घेऊन येणारा माणूस! पुस्तक कुठल्यातरी थंड देशानं दान दिलेलं. त्यात बंदर गोठलं तर काय करावं, यावर अख्खा धडा. आमच्या मलावीला समुद्रच नाही, मग गोठणार काय, कपाळ? पण परीक्षेला येतो म्हणून हे घसा फोडून शिकवतात. टियामिके नावाच्या एका पोरीनं उत्तर लिहिलं, 'आधी बंदर द्या, मग बघू.' ह्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि प्राचार्यांची बोलणी खाल्ली.

त्या वर्षी राजधानीतून फर्मान आलं. ज्या वर्गाला प्रात्यक्षिकासाठी वखार नाही, तो वर्ग बंद. तपासायला एक बाई येणार. वर्ग बंद म्हणजे ह्यांची नोकरी गेली आणि निम्म्यावर आलेली पोरं घरी. हे बिचारे कंपन्यांची दारं पुजत फिरले, पण फाटकावरचा राखणदारच आत सोडेना. शेवटी बाजारातल्या सोफिलेत नावाच्या बाईला गळ घातली. ती वाळवलेली मासळी घाऊक विकते.

"एक दिवस घ्या वखार, मास्तर," ती म्हणाली. "पण पोरांनी एकही मासळी तोंडात टाकली तर तुम्हालाच वाळत घालीन."

पोरांनी पोती रचली, पाट्या लावल्या. ह्यांनी टायला इस्त्री केली. आणि बाई यायच्या आदल्या रात्री शेजारचे न्जोलोमा आजोबा गेले.

आमच्याकडे मयत झालं की बाकी सगळी कामं जिथल्या तिथं राहतात. जो दुसऱ्याच्या मातीला जात नाही, त्याच्या मातीला कुत्रंही फिरकत नाही. सकाळी मी म्हटलं, "अहो, चला."

"फालेस, आज बाई येणार गं. वखारीत कोणी नको का?"

"बसा तिथंच! उद्या तुम्हाला खांदा द्यायला मासळीच येईल!"

मी तणतणत एकटी गेले. पुढं मयत आहे हे गाड्यांना कळावं म्हणून रस्त्यात फांद्या टाकल्या होत्या. आत बायकांत बसले, पोटभर रडले. थोड्या वेळानं एक जाडजूड अनोळखी बाई आल्या. बूट दाराशी काढले, कमरेला कापड गुंडाळलं आणि माझ्या शेजारी टेकल्या. फांद्या बघून गाडी थांबवली असणार. चांगल्या घरची माणसं थांबतातच, आणि मयताच्या घरी 'तुम्ही कोण' असं कोणी विचारत नाही.

रडणं ओसरलं की बायका बोलतात. मी तर तोंड उघडायची वाटच बघत होते.

"तुमचे मालक बरे असतील हो, ताई. माझा नवरा बघा! शेजारी मढं पडलंय आणि हा टाय लावून मासळीत बसलाय. का, तर म्हणे राजधानीहून कोण एक भवानी वखार बघायला येणार. तिनं जन्मात एक पोतं उचललं नसेल!"

"नसेल," त्या म्हणाल्या. "आणि पोरं? तीही वखारीतच?"

"मग काय! त्यांनाही..." मी बोलता बोलता अंगणात बघितलं आणि थांबले. पोरं तिथंच होती. कोणी पाणी भरत होतं, कोणी हातगाडीवरून पीठ आणत होतं. टियामिके लाकडं उतरवून घेत पोरांवर खेकसत होती. मी तिला हाक मारली.

"अगं, तुम्ही इथं? ती बाई आली म्हणजे?"

"सरांनीच पिटाळलं, काकू. म्हणाले, माती चुकवून पास झालेली पोरं मला नकोत. आजोबांच्या घरी आजीकडे लाकूडफाटा नाही, आधी तो पोचवा. बाईंना मी एकटा तोंड देतो."

इतकी वर्षं संसार केला, आणि हा माणूस मला एका शब्दानं बोलला नाही!

शेजारच्या ताई माझ्या कानाशी लागल्या. "मीच ती भवानी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यांनी माझा हात धरला. "खरं सांगते, मी वर्ग बंद करायलाच आले होते. आता नाही करत. वखार मी राजधानीत, लिलाँग्वेतही बघेन." आणि उठून सरळ चुलीवरची मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळायला गेल्या. ढवळता येत नव्हतं, ते निराळं.

हे आले ते माती झाल्यावर. टाय खिशात, तोंड एवढंसं. कोणाकडे न बघता आजोबांच्या बायकोपुढं, एलेस्टिना आजीपुढं गुडघ्यांवर बसले.

"आई, बाई आल्याच नाहीत. वर्गही गेला, आणि बाबांना मूठभर मातीही नाही दिली मी."

आजीनं डोळे पुसले. "लाकडं कोणी पाठवली ते मला कळत नाही होय रे? बस. तुझं जेवण झाकून ठेवलंय."

हे तिथंच हमसाहमशी रडायला लागले, लहान पोरासारखे. आमच्यात बायका पुरुषांच्या पंगतीत बसत नाहीत, पण मी गेले आणि ह्यांना खेटून बसले. झाकलेलं ताट उघडून दिलं.

"खा आधी," मी म्हटलं. "वर्ग वाचलाय."