पट्टीखालचा भिलावा

"कूर्चा निम्मी झिजली आहे," एमआरआयची फिल्म प्रकाशासमोर धरून नागपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले. आजाराचे नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण झिजणे.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. कबड्डीत फाटलेली गुडघ्यातील गादी कॉलेजात असतानाच काढावी लागली होती; झीज त्यामुळे लवकर सुरू झाली. अहेरीकडच्या जंगलात वनस्पतींची नोंद करणे हे माझे पीएच.डी.चे काम. रोज आठ-दहा किलोमीटर चालावे लागे. चालता येईल का, असे मी विचारले. डॉक्टरांनी इंजेक्शनचा एक नवा उपाय सुचवला.

२००९ साली प्लेटलेट-रिच प्लाझ्मा ही पद्धत आपल्याकडे नवी होती. रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातला रक्तबिंबिकांनी दाट झालेला भाग सांध्यात सोडायचा. "कूर्चा परत उगवेल असं मी म्हणणार नाही. झीज कदाचित मंदावेल. पुरावा अजून थोडा आहे," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मी मिळाले तेवढे शोधनिबंध वाचले. भीती वाढली, तरी इंजेक्शनची तारीख घेतली.

तारखेच्या चार दिवस आधी मी वडशाला घरी होते. आई म्हणाली, "सुई घ्याच्या आंधी भिलावा लावून पाह्य ना वं. तुह्या मामाचा गुडघा यानंच बरा झाला. एवढी शिकली, अन् भेतं कायले?"

भिलाव्याच्या, म्हणजे बिब्ब्याच्या, तेलाने कातडी भाजते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. तरीही पाय पुढे केला. आईने तापल्या सुईने गुडघ्यावर तेलाचे पाच ठिपके दिले. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आले.

रुग्णालयात मी त्यांवर पट्टी लावून गेले. "किरकोळ खरचटलंय," असे सांगितले. तारीख पुन्हा कधी मिळेल, या धास्तीने. माझे रक्त काढून झाले, यंत्रात फिरले. "मग बाजूने सुई घालू," म्हणत डॉक्टरांनी सिरिंज उचलली.

माझ्या उशाशी उभी असलेली आई बोलली, "खरचटलं नाई जी, साहेब. भिलावा लावला मीनं. पोरगी लाजून राह्यली सांगाले."

डॉक्टरांनी पट्टी काढली. सिरिंज खाली ठेवून ते माझ्याकडे वळले.

"ताई, इथून जंतू आत गेले असते तर सेप्टिक आर्थ्रायटिस. सांध्यात पू होतो. उरलेली कूर्चाही काही दिवसांत जाते."

काढलेले रक्त वाया गेले. कातडी भरायला महिना लागला. त्या महिन्यात मी रोज सकाळी गुडघ्याला हात लावून तो तापला आहे का, ते पाहत असे. नंतर तीन इंजेक्शने झाली. वर्षाने काढलेल्या एमआरआयमध्ये कूर्चा वाढलेली नव्हती, घटलेलीही नव्हती. आता मी रोज चार किलोमीटर चालते, काठी घेऊन.

गुडघ्यावर जे काही लावले असेल, ते डॉक्टरांना सांगा. शिकलेल्यांना त्याची लाज जास्त वाटते. त्या खोलीत खोटे बोलणारी मी होते, आणि माझा सांधा वाचवणारी आई.