रऊफभाईंसाठी सोडलेली जागा

रऊफभाई गेले तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न उघडं होतं.

एका ड्रायव्हरला त्याच्या बहिणीशेजारी उभं करायचं काम चाललेलं. धड बसवून झालं होतं, पाय बाकी होते.
ते पाय नंतर मी लावले.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कतारमधल्या अल वक्राच्या आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोपेक्षा हेच काम जास्त. लग्न गावी, माणूस इथे, लीव्ह नाही. मग घरचे फोटोत एक जागा सोडून उभे राहतात आणि तो फोटो व्हॉट्सॲपवर येतो. आम्ही इथल्या माणसाला कोट घालून त्याचा फोटो काढायचा आणि त्या जागेत बसवायचा.

रऊफभाई यात उस्ताद. रत्नागिरीकडचे. सावली अशी जुळवायचे की सख्ख्या आईलाही शंका येऊ नये.

आणि हात चालू असताना तोंडाने चीनचा इतिहास! कॉलेजात राज्यशास्त्र घेतलेलं, त्यातलं एवढंच डोक्यात राहिलेलं. कम्युनिस्ट चीनचं उपराष्ट्राध्यक्षपद. यल्ला, चला आता म्हणा, खलास, पुरे म्हणा, थांबतील तर शपथ.

"अरे मेल्या, ऐक तर. राष्ट्राध्यक्षाला खाली खेचला, तो कैदेत मेला. खुर्ची रिकामी. शेजारी उपराष्ट्राध्यक्ष तसेच बसलेले, वर्षानुवर्षं. मग घटनाच बदलली. दोन्ही खुर्च्या गायब!"

"मग?"

"मग काय, काही वर्षांनी नवी घटना. खुर्च्या परत आल्या. माणसं नाही आली."

त्यात एका बाईंची गोष्ट होती. ती सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा.

"त्या उपराष्ट्राध्यक्ष होत्या. मरणाच्या दारात असताना त्यांना मानद राष्ट्राध्यक्ष केलं. आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष हे पदच देशात नव्हतं रे! नसलेल्या खुर्चीवर मरणाऱ्या बाईला बसवलं."

मला ती गोष्ट अजिबात आवडायची नाही. अंगावर काटा यायचा.

ते मात्र हसायचे. "आपण गल्फवाले पण घरातले उपराष्ट्राध्यक्षच. नाव सगळे घेतात. खुर्ची आहे का, ते कोण बघतो?"

एक गोष्ट ते कधीच करायचे नाहीत. मेलेल्या माणसाला फोटोत बसवायचे नाहीत. गिऱ्हाईक समोर रडलं तरी नाही.

"जिवंत माणूस लांब असला तर तो फोटो खोटा नसतो, त्याला नुसता उशीर झालेला असतो. मेलेल्याला कुठे उभा करू? तो बघतोय कुठे, तेच कळत नाही."

त्यांच्या स्वतःच्या घरच्या फोटोंतही भावाचं लग्न, आईची शेवटची ईद, सगळीकडे ते चिकटवलेलेच. मुलीच्या, सनाच्या निकाहला मात्र खरे जाणार होते. लीव्ह मंजूर झाली होती.

"या वेळी जागा सोडू नका म्हणून घरी सांगितलंय," म्हणाले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता त्या दिवशी.

मग एका दुपारी जेवून स्टूलवर बसले ते बसलेच. दफन इथेच झालं, अबू हमूरच्या कब्रस्तानात. घरच्यांनी व्हिडिओ कॉलवर माती बघितली.

पुढे ढकललेला सनाचा निकाह मागच्या महिन्यात साधेपणानं झाला.
तिनं फोटो पाठवला. ती, भाऊ, आई. तिच्या आणि आईच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

"काका, अब्बांना उभं कराल?"

पोरीला बापाचं तोंड शेवटचं बघायला मिळालेलं नाही. नाही कसं म्हणणार?

त्यांचे फोटो माझ्याकडे ढीगभर. एक लावून बघितला. कोट, हसू, सावली, सगळं जुळलं. पण नजर माझ्याकडे.
दुसरा लावला. तोही माझ्याकडेच बघत होता.
तिसराही.

फोटोतली माणसं समोरच बघतात, हे मला कळतं. धंदाच आहे माझा. तरी भरदुपारी उठून मी दुकानातले सगळे दिवे लावले.

सगळं पुसलं. रंग जरा उजळ केले आणि ती मोकळी जागा तशीच ठेवून फोटो परत पाठवला. खाली लिहिलं, "सना, माझ्याच्यानं होत नाही गं. माफ कर."

तिचं उत्तर लगेच आलं.

"असं काय म्हणता काका? किती छान आलेत अब्बा."

मी तो फोटो पुन्हा उघडलेला नाही.

रऊफभाई, पोचलात म्हणायचं.
सलाम घ्या.