कांचनाच्या पानांचं सोनं

रामवाडीतल्या आमच्या सोसायटीत शिकलेली माणसं राहतात, असं ती माणसंच सांगतात. एवढं शिकूनही आपटा कुठला आणि कांचन कुठला, हे त्यांतल्या एकालाही कळत नाही.

झाड माझ्या सासूबाईंचं, म्हणजे बायकोच्या आईचं. रोह्याचं त्यांचं घर रस्त्यात गेलं, अंगणातला कांचनही गेला. त्याच्या शेंगेतलं बी पदराला बांधून त्या आमच्याकडे राहायला आल्या. मी ते गेटाजवळ लावलं. चौथ्या पावसाळ्यात झाड माझ्या डोक्यावर गेलं, तेव्हा येत्या फाल्गुनात ते फुलणार हे नक्की झालं. आधी पानं झडतात, मग नुसत्या फांद्यांवर गुलाबी फुलं येतात. सासूबाईंनी ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले. जाण्याआधी तो बहर त्यांना एकदा डोळे भरून बघायचा होता, आणि तसं त्या उघड बोलूनही दाखवत.

दसऱ्याला मी डोलवीच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला होतो. परत येऊन बघतो तर गेटाशी बुंधा आणि चार काटक्या. बाजारात आपट्याच्या जुड्या मिळतात, पण फुकटात मिळत असेल तर आमची मंडळी पिशवी घेऊन धावणारी. पान मधोमध दुभंगलेलं दिसलं की झालं यांचं सोनं! शेंडेसुद्धा मोडून नेले. संध्याकाळी हीच मंडळी कडक इस्त्रीत आमच्या दारी हजर. सेक्रेटरींनी सासूबाईंच्याच झाडाची पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

"हा आपटा नाही, कांचन आहे," मी म्हटलं.

"अहो, भावना महत्त्वाची," सेक्रेटरी म्हणाले. असल्या भावनेची मला किळस येते.

फाल्गुन आला, पण झाडाला एक कळी धरली नाही. सासूबाई रोज सकाळी खिडकीतून खाली बघायच्या आणि आत वळायच्या. होळीची वर्गणी मागायला सेक्रेटरी वर आले. झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, "आजी, तुमचं झाड काय फुललं नाय यंदा."

"अवो, पानं ओरबाडलीत, शेंडे मोडलेत, फुलं येतील कुठशी?" सासूबाई म्हणाल्या. "आता पुढल्या शिमग्याला."

"मग येऊ दे की पुढल्या शिमग्याला," सेक्रेटरी मोठ्या मनाने म्हणाले. "घाई काय आहे?"

"तुमाला नाय," सासूबाई म्हणाल्या.