साडूंचा ड्रोन आणि माझा हात

हवेत उडणाऱ्या कुठल्याही वस्तूवर काडीचाही विश्वास नसलेला ड्रोनवाला उभ्या जगात एकच असेल, आणि ते माझे साडू. त्याला कारणही तसंच होतं. भिवंडीत ते जॉबर होते, म्हणजे कापड विणायचे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. एकदा चालू लूममधून सुताची कांडी नेणारा टोकदार धोटा सुटला आणि त्यांचा डावा डोळा घेऊन गेला. तिथे काचेचा डोळा आला. निवृत्तीनंतर त्यांनी ड्रोन घेतला तेव्हा मी हसलो. ते म्हणाले, “हसा मास्तर. आता एक काचेचा डोळा खाली, एक वर. जोडी जमली.”

ड्रोन उडवण्याआधीचे त्यांचे सोपस्कार एखाद्या पूजेसारखे चालत. करंगळीला सुताचा धागा बांधून वारा बघायचा, पात्यांवरून हळूच बोट फिरवायचं. घारी ड्रोनवर झडप घालतात, म्हणून आधी त्यांना सुके बोंबील टाकायचे. याला ते ‘वरचा टोल’ म्हणत. आणि माणसांच्या डोक्यावरून ड्रोन न्यायचा नाही म्हणजे नाही. एका लग्नात मुलीच्या बापाने फारच आग्रह धरला, तर म्हणाले, “नवऱ्याच्या डोक्यावर अक्षता पडू द्या. हा पडला तर तेराव्यालाच यावं लागंल.” त्या मांडवातून आम्ही दोघे न जेवता परतलो.

दिघाशीच्या माळावर पोरांनी जीपची शर्यत भरवली, तेव्हा चित्रीकरण साडूंकडे आलं आणि माइक माझ्याकडे, कारण शाळेत कवायत घेऊन घेऊन माझा आवाज तयार झालेला. साडूंनी शर्यतीच्या वाटेपासून तीस पावलांवर खुंट्या ठोकल्या आणि पांढरा सुती दोर ताणला. “दोराच्या अल्याड ड्रोन, पल्याड गाड्या. धोटा सुटतो तवा इचारून सुटत न्हाय.” ड्रोनच्या वाटेत बसलेल्या सरपंचांनाही त्यांनी खुर्चीसकट उठवलं.

तिसऱ्या फेरीला लोक कंटाळले. लोकांसाठी लावलेल्या मोठ्या पडद्यावर गाड्या मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. मी हात उंच करून साडूंना खूण केली, आणा जवळ. त्यांनी नकाराची मान हलवली. मी पुन्हा हात केला आणि माइकवर म्हणालो, “आमचे साडू घाबरले वाटतं!” सगळा माळ हसला. ड्रोन दोर ओलांडून आला, वळणावर वाऱ्याने कलला आणि गॅरेजवाल्या इरफानच्या जीपसमोर कोसळला. इरफानने गाडी वळवली, ती उलटली. त्याचा पाय मोडला तो कायमचा आखूड झाला.

शर्यतीच्या समितीने काय घडलं ते माझ्याकडून लेखी मागितलं. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘साडूंनी स्वतःच्या मर्जीने दोर ओलांडला.’ साडू शेजारीच बसले होते. खरा डोळा जमिनीकडे होता, काचेचा मात्र माझ्याकडे.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही. सहा वर्षं ड्रोन कपाटावर रुमालाखाली पडून आहे. तरी भर दुपारी त्यांच्या पत्र्याच्या कडेला घारी येऊन बसतात, आवाज न करता, ओळीने. मी गेलो की साडू टीव्हीवर त्या दिवसाचं चित्रीकरण लावत. माळ, दोर, वळणाकडे येणारी जीप, आणि कडेला पांढऱ्या टोपीतला एवढासा माणूस, हात वर केलेला. बरोबर तिथेच ते चित्र थांबवत. “च्या घ्या, मास्तर.” चहा निवायचा. दर खेपेला मला तो हात आधीपेक्षा थोडा जास्त उंच वाटायचा. घरी येऊन मी आरशासमोर हात वर करून बघायचो. एवढा जात नसे.

यंदा पुन्हा शर्यत ठरली. समितीचा निरोप आला, “मास्तर, ड्रोनचे नियम लिहून द्या. त्या म्हाताऱ्यासारखं परत नको.” मी नियम लिहिले, सगळे साडूंचेच. खाली लिहिलं, ‘मागच्या वेळी ड्रोन जवळ बोलावणारा हात माझा होता. साडू नको म्हणत होते. मी खोटं लिहून दिलं.’ कागद समितीला दिला आणि इरफानच्या गॅरेजवर जाऊन त्यालाही सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, “मास्तरजी, हमको मालूम था. चाचाने वीडियो दिखाया था. बोले, किसीको बोलना नहीं, मास्तर खुद आएगा.”

मग साडूंकडे गेलो. वर्षभरात काचबिंदूने त्यांचा उजवा डोळाही जवळजवळ विझला आहे. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी चाचपडत रिमोट घेतला, चित्रीकरण लावलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं आणि अंगठा दाबला. त्यांना दिसत नव्हतं, तरी चित्र नेमकं तिथेच थांबलं. पत्र्यावर घारींची नखं वाजली.

“मास्तर,” ते म्हणाले, “तो हात आजून वरच हाय का?”

“न्हाय,” मी म्हणालो. “खाली घेतला.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा अंगठा दाबला. सहा वर्षांत पहिल्यांदाच चित्र पुढे सरकलं. ते बघणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. मी डोळे मिटले नाहीत.